पुण्याचं कथक आलं कुठून?

पुण्यात नाच शिकणाऱ्या मुलीला ‘काय शिकतेस?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, कथक. आता यात कुणाला नवल वाटत नाही. खरं तर वाटायला हवं. कथक वाढलं अवध आणि जयपूरच्या दरबारांत, त्याच्या ठुमऱ्या ब्रजभाषेत, सलामी मुघली थाटाची. ते सदाशिव-नारायण पेठेतल्या घरांत शिरलं कसं?

नाच पुण्याला नवा नव्हता. पेशवाईत नाटकशाळा, म्हणजे नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका, होत्या, पुढे लावणीची बारी होती. पण तो बघायचा नाच, आणि बघणारे पुरुष. घरातल्या मुलीने पायात चाळ बांधायचे म्हटलं की आईवडिलांच्या कपाळावर आठी यायचीच. गाण्याला जरा लवकर मोकळीक मिळाली, नाचाला उशिरा.

या वातावरणात १९४६ साली फर्ग्युसनमधून बी.ए. झालेली एक मुलगी कथककडे वळली. रोहिणी भाटे. जन्म १४ नोव्हेंबर १९२४, पाटण्याचा. आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम झालं होतं. कथकची सुरुवात जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे झाली आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, रोहिणीताईंनी पुण्यात ‘नृत्यभारती’ ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली. म्हणजे स्वतः शिकत असतानाच शिकवायलाही लागल्या. हे धाडस की घाई, ते ज्याने त्याने ठरवावं. मला तरी वाटतं, शिकवण्यामुळेच त्यांचं शिकणं संपलं नाही.

कारण खरी तालीम पुढेच आहे. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे त्या बारा वर्षांहून अधिक काळ शिकल्या. (‘मुघल-ए-आझम’मधले नाच बसवणारे तेच हे लच्छू महाराज.) त्यांच्याकडून भाव आणि नजाकत आली. मोहनराव कल्याणपूरकरांकडे आणखी पंधरा वर्षं. मोहनरावांच्या अंगात जयपूर आणि लखनौ दोन्ही मुरलेली, लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवण्याचा अनुभवही पाठीशी. शिवाय केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणं. कथक नर्तिकेने गाण्यासाठी एवढा वेळ द्यावा हे तेव्हा सर्रास नव्हतं.

पुण्याने कथकला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी वहीकडे बोट दाखवेन. माझ्या आतेबहिणीची एक जुनी वही घरात आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा आखलेल्या, समेखाली, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेखाली, फुली, ‘खाली’च्या मात्रेखाली शून्य. त्यावर ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’. पुढे ‘तिग्दा दिगदिग थेई’ची तिहाई, तीनदा म्हणून समेवर बरोबर कशी पडते त्याचा हिशेब पेन्सिलीने मांडलेला, दोनदा खोडलेला. क्लासमध्ये आधी हातावर टाळी देत पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे, ती चोख आली की मगच पाय हलवायचे. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चाललेली विद्या इथे कागदावर उतरली.

रोहिणीताईंचा स्वभावच तो होता. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’वर त्यांनी ‘कथक दर्पण दीपिका’ सिद्ध केली, इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, स्वतःच्या वाटचालीवर ‘माझी नृत्यसाधना’ लिहिलं. रचना करतानाही राधा-कृष्णाच्या छेडछाडीवर न थांबता त्या कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’कडे गेल्या, ऋग्वेदातल्या उषासूक्ताकडे गेल्या. संस्कृत कानावर असलेल्या पुणेकर प्रेक्षकाला हे जवळचं वाटलं, आणि आठी हळूहळू सैल झाली. या सगळ्यात कथक जपणाऱ्या कोठ्यावरच्या बायकांचं, तवायफांचं, ऋण मात्र पुसट होत गेलं. तो दोष एकट्या पुण्याचा नाही, पण पुण्याने ते काम जरा जास्तच नेटकेपणाने केलं.

मान यथावकाश आले. १९५२ मध्ये चीनला गेलेल्या सांस्कृतिक शिष्टमंडळात त्या होत्या, १९७९ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, पुढे कालिदास सन्मान. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही त्यांनी शिकवलं. जी कला घरात चोरून शिकावी लागली असती, तिची आता तिथे रीतसर पदवी मिळते.

१० ऑक्टोबर २००८ रोजी पुण्यातच त्या गेल्या. त्यांच्या शिष्या आणि सूनबाई शमाताई भाटे यांची ‘नादरूप’ संस्था पुण्यातच आहे. रोहिणीताईंच्या इतर शिष्यांनीही पुढे आपापले क्लास काढले, त्या शिष्यांच्या शिष्यांनीही. संध्याकाळी घुंगरांच्या पिशव्या घेऊन स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींपैकी अनेकींची गुरुपरंपरा मोजत गेलात, तर दोन-तीन पायऱ्यांत १९४७ सालच्या त्या वर्गापाशी येऊन पोचाल.