सेकंडहँड टेबल सॉ आणि केसाएवढा फरक

जुना टेबल सॉ बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग गंज बघतो, मग बटण दाबून आवाज ऐकतो आणि मान डोलावतो. मीही हेच करायचो. रंग तर काहीच सांगत नाही. गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो, बिडाच्या टेबलावरचा तांबूस थर घासपेपर आणि थोडं तेल घेऊन बसलं की दुपारभरात निघतो. नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तरच विचार करायचा. आवाज मात्र ऐकण्यासारखा असतो, पण तो कधी ऐकायचा हे माहीत हवं.

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेली फिरती दातेरी चकती, म्हणजे पातं, आणि तिच्या शेजारी, तिला समांतर असलेली एक सरळ कड, म्हणजे फेन्स. फळी फेन्सला टेकवून पुढे सरकवायची. एवढं वजनदार लोखंड, एवढे बोल्ट आणि गिअर, हे सगळं ती समांतरता राखण्यासाठी. म्हणून जुनं यंत्र तपासताना मी मनात एकच प्रश्न धरतो: हे यंत्र अजून समांतर राहू शकतं का?

समांतरता गेली तर काय होतं, ते पात्याच्या दातांकडे बघितलं की कळतं. पुढच्या बाजूचे दात खाली जातात, म्हणजे फळी टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात टेबलातून वर येतात. फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे जराशी झुकलेली असली की पुढे गेलेली फळी त्या वर येणाऱ्या दातांवर दाबली जाते. दात तिला उचलतात आणि पात्यावरून थेट चालवणाऱ्याच्या दिशेने फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर दाताचा वेग सेकंदाला 53 मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे 190 किलोमीटर. बाजूला सरकायला वेळच मिळत नाही.

कधी कधी फेन्सचा काही दोष नसतो. लाकडाच्या आत ताण अडकलेले असतात, चीर पडली की दोन्ही भाग पुन्हा जवळ येऊन पात्याला चिमटतात. ओंडका करवतीने कापताना चिरेत पाचर ठोकतात ती याचसाठी. टेबल सॉवर तेच काम पात्यामागे उभी असलेली पोलादी पट्टी करते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. जुन्या यंत्रांवर नेमकी हीच जागेवर नसते. कोणीतरी कधीतरी ‘आड येते’ म्हणून काढलेली असते आणि मग हरवते. ती त्याच मॉडेलची लागते आणि तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त, पण चिरेपेक्षा कमी असावी लागते. विकणाऱ्याला पहिला प्रश्न तिचाच विचारावा.

आता मोजमाप. आधी प्लग काढायचा, बटण बंद असणं पुरेसं नाही. पातं पूर्ण वर घ्यायचं आणि एका दातावर मार्करने खूण करायची. तो दात पुढे आणून टेबलात पात्याशेजारी असलेल्या लांब सरळ खाचेपासून (फेन्सही तिलाच समांतर लावतात) त्याचं अंतर घ्यायचं, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा अंतर घ्यायचं. तोच दात का? पातं थोडं वाकडं असेल तर दोन वेगळ्या दातांची अंतरं वेगळी येतील आणि तुम्ही पात्याचा दोष टेबलाच्या माथी माराल. एकच दात दोन्हीकडे वापरला की पात्याचा वाकडेपणा दोन्ही मापांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. फरक 0.1 मिलिमीटरच्या आत, म्हणजे साधारण केसाएवढा असेल तर उत्तम. अर्धा मिलिमीटर असेल तर कापलेल्या कडेवर काळे डाग दिसतील. तरी घाबरू नका, बहुतेक यंत्रांत बोल्ट सैल करून हे जुळवता येतं. बोल्ट गंजून जाम झालेत का, आटे शाबूत आहेत का, तेवढं पाहायचं. मग पातं 45 अंशांवर कलवून तेच माप पुन्हा घ्या. सरळ असताना जुळलेलं माप कलवल्यावर बिघडत असेल, तर पातं ज्यावर कलतं तो सांगाडा आणि टेबल यांचा मेळ बसलेला नाही. हे जुळवणं किचकट काम आहे. सांगाड्याच्या ओतीव भागाला तडा असेल, तर मी तिथूनच परत फिरतो.

दुसरा फरक याहून लबाड आहे. पातं ज्या दांड्यावर बसतं तो आर्बर, आणि त्याच्यावरची पात्याला टेकणारी गोल चकती म्हणजे फ्लँज. फ्लँजचा व्यास 5 सेंटिमीटर आणि पात्याचा 25 असेल, तर फ्लँजच्या कडेवरची डगमग दातांपाशी पाचपट होते. फ्लँजवर 0.1 मिलिमीटर म्हणजे दातांवर 0.5. फ्लँजवर चिकटलेला भुशाचा आणि डिंकाचा एक कण एवढं करू शकतो, म्हणून आधी ती पुसून घ्यायची.

डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक, असेल तर फ्लँजवरच लावावा. नसेल तर एक काडी हवी. लाकडाची काडी टेबलाला क्लॅम्प करा, टोक दातांच्या जरा आत, पात्याच्या पत्र्याला जेमतेम टेकवा आणि पातं हाताने हळूहळू फिरवा. खरखर पूर्ण फेरीभर सारखी आली तर ठीक. फेरीच्या एकाच भागात खरखर आणि बाकी शांतता, म्हणजे काहीतरी डगमगतंय. पण काय, पातं की आर्बर? नट सैल करून पातं आर्बरवर अर्धा फेरा फिरवा, घट्ट करा आणि पुन्हा ऐका. खरखर पात्यावरच्या पहिल्याच जागी आली तर दोष पात्याचा आहे, ते बदलता येतं. खरखर पात्याच्या समोरच्या बाजूला सरकली, तर ती आर्बरसोबत राहिली आहे आणि दोष आर्बरचा किंवा फ्लँजचा आहे. असलं निदान करायला एक काडी पुरते याची मला अजूनही गंमत वाटते.

आता आवाज. मोटर चालू असताना तिच्या घोंगावण्यात बाकी सगळं बुडून जातं, म्हणून बटण बंद करून ऐकायचं. पातं आपल्या गतीने थांबत जाताना बेअरिंग एकटी बोलते. गुळगुळीत फुसफुस चांगली. कोरडी घरघर किंवा खडे दळल्यासारखा आवाज आला की बेअरिंग बदलायचा खर्च धरा. यंत्र थरथरत असेल तर मात्र लगेच बेअरिंगला दोष देऊ नका. मोटरवरून पातं फिरवणारा पट्टा, म्हणजे व्ही-बेल्ट, महिनोन्‌महिने एकाच जागी ताणलेला राहिला की पुलीच्या वळणाचा आकार धरून बसतो आणि प्रत्येक फेरीला टेबलाला धक्का देतो. नवा पट्टा घातला की तेच यंत्र शांत होतं.

मोटरच्या बाबतीत स्टिकरवरच्या हॉर्सपॉवरवर विश्वास ठेवू नका, पाटीवरचे आकडे वाचा. 230 व्होल्ट आणि 8 अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त 1840 वॉट आत जातात. 746 वॉटचा एक हॉर्सपॉवर, म्हणजे काहीही वाया न जाता अडीचच्या वर जाणं शक्य नाही. शेजारी 4 एचपी छापलेलं असेल तर तो जाहिरातीचा आकडा. मोटर तीन फेजची आहे का, तेही याच पाटीवर कळतं. सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर बऱ्याचदा तिला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर गेलेला असतो, तो स्वस्तातला भाग आहे. जळक्या वार्निशचा वास आला तर मात्र वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, गेलंय असं समजा.

शेवटी एक फळी स्वतःची न्या, जाडजूड आणि सरळ. पातं 90 अंशांवर ठेवून ती आडवी कापा. दोन तुकडे आहेत तसेच जोडले तर कोन कितीही चुकलेला असो, ते एकमेकांना बरोबर बसतील. आता एक तुकडा पालथा करा, दोन्ही सपाट टेबलावर ठेवून कापलेल्या कडा भिडवा आणि उजेडाकडे बघा. चूक दुप्पट होऊन फटीत दिसते: फळी 40 मिलिमीटर जाड आणि पातं अर्धा अंश कललेलं असेल, तर एका टोकाला 0.7 मिलिमीटरची फट. ती दिसली तर 90 अंशांचा थांबा-बोल्ट शोधा आणि पाना लावून बघा. फिरला, तर फट पाच मिनिटांत जाते.