पार्श्वभूमी : यासुके आणि ‘सामुराई’ शब्दाचं भांडण

यूबिसॉफ्ट कंपनीच्या, सोळाव्या शतकातल्या जपानात घडणाऱ्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या व्हिडिओ गेमचा ट्रेलर मे २०२४ मध्ये आला आणि दोन नायकांपैकी एकावरून रण पेटलं. गंमत अशी, की दुसरी नायिका, इगा प्रांतातली शिनोबी (निंजा) नाओए, पूर्णपणे कल्पित, तिच्यावर फारसं कुणी घसरलं नाही. भांडण झालं ते यासुकेवरून, जो खरोखर होऊन गेला.

त्याच्याबद्दल जे ठाऊक आहे ते दोन-तीन पानांत मावतं. गोव्याहून मकाऊमार्गे निघालेला जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारक संघाचा पूर्वेकडचा मुख्य तपासनीस १५७९ साली जपानात उतरला. त्याच्या लवाजम्यात हा आफ्रिकी चाकर होता. पाद्र्यांच्या पत्रांत त्याला जो शब्द लावलाय तो कोकण-गोव्याच्या वाचकाला उलगडून सांगायला नको : काफ्री. मार्च १५८१ मध्ये क्योतोत त्याला बघायला एवढी झुंबड उडाली की पाद्र्यांच्या घराचं दार मोडलं, दगड पडले, माणसं जखमी झाली. तेव्हाचा जपानातला सर्वांत बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याने त्याला बोलावून कमरेपर्यंत उघडा केला, कारण हा रंग फासलेला नाही, जन्माचाच आहे, हे त्याला खरं वाटेना. मग त्याने त्याला ठेवूनच घेतलं. नोबुनागा आता त्याला ‘तोनो’, म्हणजे सरदार करणार, अशी गावात कुजबुज असल्याचं त्याच वर्षी एका पाद्र्याने लिहिलंय.

मे १५८२ मधल्या एका सरदाराच्या रोजनिशीत त्याचं नाव येतं, उंची येते (सहा शाकू दोन सुन, म्हणजे सुमारे १८८ सेंटिमीटर) आणि त्याला ‘फुची’ मिळत असल्याचं येतं. फुची म्हणजे आपल्या जुन्या कागदांतली तैनात. २१ जूनला क्योतोच्या होन्नोजी देवळात, अकेची या त्याच्याच सरदाराने उलटून केलेल्या हल्ल्यात नोबुनागा संपला. यासुके त्याच्या मुलाच्या बाजूने लढला आणि अखेर त्याने तलवार शत्रूच्या हाती दिली. अकेचीने त्याला ‘हे जनावर, याला काय कळतंय, शिवाय हा जपानी नाही’ असं म्हणून पाद्र्यांकडे धाडलं. यापुढे त्याचा माग लागत नाही. नोबुनागाच्या पदरी तो होता जेमतेम पंधरा महिने.

आता खरा गुंता. तो सामुराई होता का?

नोबुनागाच्या एका चाकराने धन्याचं बखरवजा चरित्र लिहिलं. त्याच्या एका हस्तलिखितात यासुकेला तैनात, घर आणि आखूड तलवार दिल्याचं, कधीकधी तो धन्याची हत्यारं वाहत असल्याचं आहे. इतर प्रतींत हा मजकूर नाही. एक पक्ष म्हणतो, तैनात, घर, तलवार आणि धन्याच्या कुटुंबासाठी लढणं, अजून काय हवं? दुसरा म्हणतो, ‘सामुराई’ हा शब्द त्याच्यासाठी कुठेच वापरलेला नाही, शिवाय आडनाव नाही, जमीन नाही. दोघंही ज्या व्याख्येवर भांडतात ती त्या काळाची नाहीच. पिढीजात वर्ग, कमरेला दोन तलवारी, शेतकऱ्यापासून पक्की फारकत, हे चित्र पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) घट्ट झालं. त्याची सुरुवात नोबुनागानंतर सत्ता हाती घेणाऱ्या हिदेयोशीने केली : १५८८ मध्ये शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतली, १५९१ मध्ये वर्ग बदलण्यावर बंदी घातली. त्या १५९१ च्या हुकुमात ‘सामुराई’ येतो तो हरकामे आणि हमाल यांच्या रांगेत, इतका की इथे तो हलक्या दर्जाच्या शिपायासाठी आहे, असं अभ्यासक मानतात. आणि हुकूम काढणारा स्वतः साध्या शेतकरी घरातला! आपल्याकडे ‘मावळा’ म्हणजे मावळात राहणारा. आज तो महाराजांचा कुठलाही शिपाई झालाय. शब्द असे सरकतात. दख्खनमध्ये त्याच सुमारास मलिक अंबर गुलामीतून वर चढत होता, निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला, आणि त्याच्या दर्जाबद्दल कुणी शंका काढत नाही. त्याच्यामागे कागद भरपूर आहेत, एवढाच काय तो फरक.

गेममधली जपानची मोडतोड नवी नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या एका जपानी गेममालिकेत दाते मासामुने या त्याच काळातल्या सरदाराच्या घोड्याला मोटरसायकलचं हँडल आहे आणि तो अधूनमधून इंग्रजी झाडतो. २०१७ च्या दुसऱ्या जपानी गेममध्ये यासुके स्वतः काळ्या चिलखतातला शत्रू म्हणून येतो, तेही सामुराई म्हणूनच. २०२० मध्ये एका अमेरिकी कंपनीने १२७४ चं त्सुशिमा बेट दाखवलं, त्यात नायक बसल्या जागी हायकू रचतो. हायकू त्यानंतर काही शतकांनी आला. तरी पुढच्या वर्षी त्या बेटाने गेमच्या दिग्दर्शकांना पर्यटनदूत केलं.

मग यावेळी एवढं का तापलं? माझ्या मते ‘अचूकता’ हा निम्म्या लोकांचा बहाणा होता. काळा नायक खुपत होता, हे बऱ्याच शेऱ्यांत लपतही नव्हतं. पण कंपनीने हातानेच दारूगोळा पुरवला. यासुकेवर लोकप्रिय पुस्तक लिहिणाऱ्या परदेशी प्राध्यापकाने पुराव्यातल्या फटी कल्पनेने बुजवल्या, हा आक्षेपही रास्त आहे. कंपनीने प्रसिद्धीच्या चित्रात सेकिगाहारा गावातल्या हौशी बंदूकधारी पथकाचा झेंडा न विचारता वापरला होता. जुलै २०२४ मध्ये माफीवजा निवेदन आलं, त्यात यासुकेचा दर्जा वादाचा असल्याचंही कबूल केलं. नंतर निघालेल्या मूर्तीत नायक एका पायाच्या तोरीखाली, म्हणजे जपानी देवळाच्या कमानीखाली, बसले होते. तसली तोरी नागासाकीत आहे, १९४५ च्या बॉम्बमधून अर्धी उरलेली. ती मूर्ती मागे घेतली गेली. मला विचाराल तर यासुकेवरच्या हजारो पोस्टींपेक्षा ही एक चूक जास्त गंभीर, पण तिच्यावर चर्चा झाली जेमतेम आठवडाभर.

रिलीजच्या आदल्या दिवशी, १९ मार्च २०२५ ला, गेममध्ये हिमेजीचं एक खरं देऊळ फोडता येतं यावर जपानी संसदेत प्रश्न आला. देवळाची विटंबना हा देशाचाच अपमान, असं पंतप्रधान म्हणाले. रोख मुख्यतः प्रत्यक्षातल्या नासधुशीवर होता, बाहेर मात्र बातमी ‘पंतप्रधानांनी गेमला झापलं’ अशी पसरली. दुसऱ्या दिवशी गेम आला तो पॅचसकट, म्हणजे दुरुस्तीसकट : देवळातली मेजं आणि मांडण्या आता तलवारीने फुटत नाहीत. यासुके सामुराईच राहिला.