क्वेकेट मायक्रोस्कोपिकल क्लब

सूक्ष्मदर्शकाचा छंद असणाऱ्या हौशी मंडळींची लंडनमधील संस्था. स्थापना ७ जुलै १८६५. केवळ सूक्ष्मदर्शनाला वाहिलेल्या आणि आजही चालू असलेल्या संस्थांमध्ये जुनेपणाच्या दृष्टीने हिचा क्रमांक दुसरा मानला जातो. पहिला मान १८३९ साली लंडनमध्येच स्थापन झालेल्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीचा आहे.

एकाच शहरात एक संस्था असताना दुसरीची गरज का भासली, हे समजण्यासाठी उपकरणाचा त्या काळातील इतिहास पाहावा लागतो. जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्यव्यापाऱ्याने १८३० मध्ये भिंगांची रचना कशी केली असता प्रतिमेचा अस्पष्टपणा आणि कडांचे रंग दूर होतात हे दाखवून दिले. १८४५ मध्ये इंग्लंडमधील काचेवरचा कर रद्द झाला आणि १८५५ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने स्वस्त सूक्ष्मदर्शकासाठी लावलेल्या स्पर्धेतून बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तयार झालेले, अवघ्या तीन गिनींचे (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) यंत्र बाजारात आले. यंत्र कारकून-शिक्षकांच्या हाती आले खरे, पण ते वापरावे कसे आणि नमुने काचपट्टीवर बसवावेत कसे, हे विचारायला त्यांना जागा नव्हती. जुनी सोसायटी त्यांना विद्वानांची आणि महागडी वाटे.

मे १८६५ मध्ये ‘हार्डविक्स सायन्स-गॉसिप’ या मासिकात डब्ल्यू. गिब्सन यांनी पत्र लिहून हौशी मंडळींसाठी वेगळी संघटना सुचवली. १४ जून रोजी अकरा जणांनी बसून उद्दिष्टे ठरवली आणि ७ जुलैच्या सभेला सुमारे साठ लोक जमले. मॉर्डेकाय क्यूबिट कुक, थॉमस केटरिंगहॅम आणि विटहॅम बायवॉटर हे संस्थापकांतील प्रमुख. कुक हे बुरशीशास्त्रज्ञ असून लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये नोकरीला होते. भारतातून येणाऱ्या बुरशींच्या नमुन्यांवरही त्यांनी लिहिले. मासिकाचे प्रकाशक रॉबर्ट हार्डविक कोषाध्यक्ष झाले, तर अध्यक्षपद डॉ. एडविन लँकेस्टर यांच्याकडे आले. लँकेस्टर हे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, होते आणि सामान्य वाचकांसाठी सूक्ष्मदर्शकावरील पुस्तकही त्यांनी लिहिले होते. वार्षिक वर्गणी दहा शिलिंग, म्हणजे अर्ध्या गिनीपेक्षाही कमी, ठेवण्यात आली.

क्लबला नाव देण्यात आले ते जॉन थॉमस क्वेकेट (१८१५–१८६१) यांचे. ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये ऊतिविज्ञानाचे (शरीरातील ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या अभ्यासाचे) प्राध्यापक होते, पण हौशी मंडळींना ते जवळचे वाटावेत असा त्यांचा आरंभ होता. सोळाव्या वर्षी त्यांनी मांस भाजण्याच्या फिरत्या सळईचे यंत्र, एका बाईची जुन्या धाटणीची छत्री आणि भंगारवाल्याकडचे पितळेचे तुकडे यांपासून स्वतःचा सूक्ष्मदर्शक बनवला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. मृत्यू चार वर्षे आधीच झाल्याने आपल्या नावाचा क्लब त्यांना पाहता आला नाही.

पहिल्या बैठका सॅकव्हिल स्ट्रीटवरील जागेत भरल्या. १८६६ पासून युनिव्हर्सिटी कॉलेजने जागा दिली. निबंधवाचनाच्या सभांबरोबर केवळ गप्पांसाठी बैठका ठेवण्याची प्रथा पडली. अशा बैठकीत प्रत्येकाने आपले यंत्र मांडायचे आणि इतरांनी त्यात डोकावून शंका विचारायच्या, एवढाच कार्यक्रम असे. क्लबचे खरे शिक्षण इथेच झाले असे म्हणावे लागते. याशिवाय लंडनभोवतालच्या तळ्यांवर आणि दलदलींवर बाटल्या व जाळी घेऊन सहली निघत. सभासदांनी दिलेल्या काचपट्ट्यांचा संग्रह आणि ग्रंथालय सर्वांना खुले होते. १८६८ मध्ये क्लबचे नियतकालिक सुरू झाले.

या मंडळींचे एक वेड डायाटमचे होते. डायाटम हे एकपेशीय शैवल असून त्याच्या सिलिकायुक्त कवचावर अतिसूक्ष्म रेघा असतात. ‘अँफिप्ल्यूरा पेल्यूसिडा’ या जातीत दहा मायक्रोमीटर (मिलिमीटरचा शंभरावा भाग) अंतरात सुमारे ३७ ते ४० रेघा येतात आणि त्या वेगवेगळ्या दिसल्या तर भिंग उत्तम समजले जाई. जीवशास्त्रज्ञांनी या रेघामोजणीची थट्टा केली, ती काही अंशी रास्तही होती. परंतु भिंग बनवणाऱ्यांवर चोखंदळ गिऱ्हाइकांचा जो दबाव राहिला तो या हौसेतूनच आला. बारीक तपशील वेगवेगळे दाखवण्याची भिंगाची शक्ती प्रकाशाच्या तरंगलांबीने कशी बांधलेली असते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सिद्धांतरूपाने मांडले, तेव्हा मंडळी याच मर्यादेशी वर्षानुवर्षे झगडत होती. पुढे क्लबचे अध्यक्ष झालेले एडवर्ड नेल्सन यांनी प्रकाशयोजना आणि भिंगांच्या कसोट्या यांवर विपुल लेखन केले.

हौशींचा क्लब असूनही अध्यक्षपदावर नामवंत बसले, त्यांत जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीही होते. रोटिफर या चक्राकार हालचाल करणाऱ्या जलजंतूंच्या अभ्यासात चार्ल्स रूसले यांचे काम विशेष आहे. हे जंतू मरताना आकसून गोळा होतात. रूसले यांनी आधी कोकेनने त्यांना गुंगी आणून मग ऑस्मिक अम्लाने मारण्याची व फॉर्मॅलिनमध्ये टिकवण्याची रीत बसवली, त्यामुळे ते पसरलेल्या अवस्थेत काचपट्टीवर ठेवता येऊ लागले.

आज क्लबच्या सभा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये भरतात आणि तळ्यांवरच्या सहली अजून निघतात.