अजगराचं पिल्लू की घोणस? पाठीवरचे ठिपके बघा

भातकापणी सुरू झाली की दरवर्षी मोबाइलवर तोच फोटो येतो. पेंढ्याखाली वेटोळं घालून बसलेला जाडजूड तपकिरी साप आणि खाली मजकूर: 'अजगराचं पिल्लू सापडलं, गोणीत भरलंय.' फोटो मोठा करून बघावा, तर विषारी घोणस!

१० फुटांचा अजगर सगळेच ओळखतात. घोळ होतो तो २-३ फुटांच्या सापात. अजगराचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच दीड-दोन फुटांचं आणि घोणस साडेतीन फुटांची झाली की पुरती वाढलेली. त्यात दोघंही जाड, सुस्त, पाचोळ्याच्या रंगाचे.

म्हणून ठिपके बघा. घोणशीच्या अंगावर साखळी असते. एक ओळ कण्यावरून, दोन्ही कुशींना एकेक. ठिपका लांबट गोल, आत तपकिरी, भोवती काळी कड, तिच्याबाहेर बारीक पांढरट रेघ. मधले ठिपके कधी एकमेकांना चिकटतात, पण ओळ मोडत नाही. अजगराच्या अंगावर अशी ओळ शोधूनही सापडत नाही. तिथे नकाशातल्या तालुक्यांसारखे वेडेवाकडे डाग, एकाचा आकार दुसऱ्याला नाही. शिवाय अजगराचे खवले गुळगुळीत, उन्हात तेल चोपडल्यासारखे चमकतात. घोणशीच्या पाठीवरच्या खवल्यांना मधोमध कंगोरा असतो, त्यामुळे अंग खरखरीत आणि निस्तेज दिसतं.

'तिकोनी डोकं म्हणजे विषारी' हे सांगणं मात्र कृपा करून थांबवा. अजगराचं डोकंही मानेहून रुंद असतं, डोळ्यातली बाहुलीही घोणशीसारखीच उभी. आणि नाग, मण्यार यांचं डोकं तिकोनी नसतंच.

डिवचल्यावर घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, हे खरं. पण बऱ्याचदा ती गप्प पडून राहते आणि तशीच चावते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, किडन्या निकामी होऊ शकतात. 'गप्प आहे, म्हणजे अजगरच' असं म्हणून हात घालू नका. (डुरक्या घोणस हा तिसराच साप, नावात घोणस असली तरी बिनविषारी.)

आणि खरोखर अजगर निघाला, तरी गोणीत भरायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सगळ्यात कडक, संरक्षण आहे. वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवा. फोटो काढायचा तर लांबून, झूम करून, पाठीच्या मधल्या भागाचा काढा. ओळ तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसते.