बॅटरी शून्यावर आणून चार्ज करायची गरज नाही

‘बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा, अर्धवट चार्ज केली की क्षमता घटते.’ इलेक्ट्रिक कार घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे आणि त्यामुळे लोक विनाकारण रस्त्यात अडकण्याचा धोका पत्करतात.

या समजाचं मूळ जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांत आहे. त्या वारंवार सारख्याच पातळीपर्यंत उतरवून चार्ज केल्या, तर पुढे त्याच टप्प्यावर त्यांचा व्होल्टेज पडू शकत असे. आजच्या इलेक्ट्रिक कारमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ही बॅटरी १९९१मध्ये बाजारात आली. तिच्या बाबतीत व्यवहारात ही अडचण येत नाही. उलट तिला वारंवार अगदी तळाला नेणं, किंवा पूर्ण भरून कडक उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवणं, यानेच ती लवकर थकते. चाळीस टक्क्यांवर असताना प्लग लावला तरी काही बिघडत नाही.

रोजच्या वापराला बऱ्याच कंपन्या ८० टक्क्यांची मर्यादा सुचवतात. लिथियम-आयनचाच एक प्रकार असलेली लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी मात्र वेगळी: तिचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे उरलेल्या चार्जचा अंदाज चुकत जातो. तो जुळवून घ्यायला ती अधूनमधून १०० टक्के भरावी लागते. म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका वाचाच.

लांबच्या प्रवासातही फास्ट चार्जर साधारण ८० टक्क्यांनंतर मंदावतो. पुढचा चार्जर आवाक्यात असेल, तर ८० टक्क्यांवरच प्लग काढून निघावं.