शालेय बसचालकांची मद्य व अमली पदार्थ चाचणी (मुंबई)

शाळकरी मुलांची ने-आण करणारा चालक दारूच्या किंवा इतर अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवत नाही ना, हे तपासण्याची व्यवस्था आणि तिच्यामागचे कायदे. मुंबईत हे नियम एका जागी सापडत नाहीत. चाचणीचा अधिकार आणि शिक्षा मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये आहेत. बस, चालक, परिचर आणि शाळा यांच्या जबाबदाऱ्या महाराष्ट्राच्या शालेय बसविषयक 2011 च्या नियमांत आहेत. बाकीचे शाळा आणि बसमालक यांच्यातल्या करारावर सोडलेले आहे.

अधिनियमाच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास गुन्हा होतो. ही मर्यादा स्कूटरवाल्याला आणि चाळीस मुले घेऊन निघालेल्या बसचालकाला सारखीच. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, दंडाधिकाऱ्यापुढे जावे लागते. परवानाही निलंबित होऊ शकतो. बसमालकांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे, पण फारसे चर्चेत नसलेले कलम 188 आहे : अशा गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा लागू होते. चालक झिंगलेला आहे हे दिसत असूनही ‘एक फेरी मारून ये’ म्हणणाऱ्या मालकाला ‘मी कुठे गाडी चालवत होतो’ हा बचाव पुरेलच असे नाही.

श्वासचाचणी घेण्याचा अधिकार कलम 203 ने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला आणि मोटार वाहन विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला दिला आहे, तोही वाजवी संशय असेल तेव्हा. कलम 185 खाली अटक झालेल्या चालकाची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडून द्यावे लागते. सबळ कारणाशिवाय श्वास किंवा रक्त द्यायला नकार दिल्यास तो नकार खटल्यात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो.

नोव्हेंबर 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना एका मोटारीने चिरडले. पुढच्या वर्षी मुंबई वाहतूक पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. रात्रीची नाकाबंदी, मशीनमध्ये फुंकायला लावणारे हवालदार, 31 डिसेंबरचा खास बंदोबस्त हे चित्र शहराला तेव्हापासून सवयीचे झाले. शालेय बसच्या बाबतीत मात्र ही मोहीम वेळेलाच चुकते. नाकाबंदी रात्री असते, बस पहाटे निघते.

बसवाल्या काकांच्या बाबतीत खरा धोका रात्रीची न उतरलेली दारू हा आहे. शरीर साधारणपणे तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे 15 ते 20 मिलिग्रॅम अल्कोहोल निकामी करते. रात्री एकला रक्तातले प्रमाण 120 असेल, तर साडेपाचला पहिला थांबा घेताना ते साधारण 30 ते 52 च्या दरम्यान असते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेवर किंवा तिच्या पुढे. चहा, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. झोपेनेही नाही. गटारीच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी नसते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

याच शहरात लोकलचा मोटरमन कामावर हजर होताना लॉबीत श्वासचाचणी देतो, मगच गाडी हातात घेतो. तिथे संशयाची वाट पाहिली जात नाही. अमेरिकेत 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा मद्यधुंद चालकामुळे अपघात होऊन पाच जण दगावले आणि त्याच वर्षी वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांचा कायदा झाला. तिथल्या शालेय बसचालकाची अमली पदार्थ चाचणी नोकरीआधी होते. पुढे अचानक निवड करून, संशय आल्यास आणि गंभीर अपघातानंतर मद्य व अमली पदार्थ अशा दोन्ही चाचण्या होतात. त्याच्यासाठी मद्याची मर्यादा 0.04 टक्के, म्हणजे 40 मिलिग्रॅम आहे. आकड्यापुरता आपला कायदा अधिक कडक आहे. ढिलाई आहे ती चाचणी कधी आणि कोणी घ्यायची यात.

ही जागा भरून काढण्याची सोय 2011 च्या नियमांत आहे. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तीत पालकांचे प्रतिनिधी असतात. मुंबईतल्या बसेस बहुतांशी कंत्राटी असल्याने, बस सुटण्याआधी डेपोतच श्वासचाचणी घेण्याची अट समिती करारात घालू शकते. बदली ड्रायव्हरचा उल्लेख त्यात हवाच, कारण नेहमीचा माणूस आला नाही की पहाटे पाचला जो मिळेल तो चाकावर बसतो. शाळेची चाचणी ही कलम 203 खालची चाचणी नव्हे. तिच्यावरून चालकाला बसवरून उतरवता येते. खटल्यासाठी पोलिसांनाच बोलवावे लागते. नुकत्याच गुळण्या केलेल्या माउथवॉशने किंवा घेतलेल्या आसव-अरिष्टाने तोंडात अल्कोहोल उरते आणि यंत्र फसते, म्हणून पंधरा मिनिटे थांबून दुसरी फुंकर घेणे योग्य. बसऐवजी व्हॅन किंवा रिक्षाने जाणारी पुष्कळ मुले या साऱ्या विचारातून सुटतात.

अमली पदार्थांचा प्रश्न अधिक किचकट आहे. मद्यासाठी 30 चा आकडा आहे, पण गांजा, चरस किंवा एमडीसाठी (मेफेड्रोन) कलम 185 मध्ये कोणताच आकडा नाही. चालक वाहनावर योग्य ताबा ठेवू शकत नव्हता हे दाखवावे लागते. श्वासयंत्र इथे निरुपयोगी. लघवीच्या तपासणीत पदार्थ शरीरात गेला होता एवढे कळते, त्या क्षणी नशा होती की नाही हे कळत नाही. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडे सापडू शकतात, आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषधही झटपट चाचणीत अफूवर्गीय पदार्थ म्हणून दिसू शकते. 2025 मध्ये राज्य सरकारच्या वतीने शालेय बसच्या चालकांची अमली पदार्थांसाठी नियमित चाचणी करण्याचे जाहीर झाले. अशा चाचणीत झटपट पट्टीचा निकाल प्राथमिकच मानावा लागतो आणि तोच नमुना प्रयोगशाळेत अधिक अचूक पद्धतीने पुन्हा तपासावा लागतो. अमेरिकेत त्यापुढेही एक पायरी आहे : प्रयोगशाळेने दोष दाखवला, तरी एक डॉक्टर आधी चालकाशी बोलतो, त्याची औषधाची चिठ्ठी पाहतो आणि मगच निकाल मालकाला कळवतो.