विज्ञानकथाकाराच्या ऐतिहासिक कादंबऱ्या : वाचकांच्या मतभेदांची पार्श्वभूमी

अमेरिकी विज्ञानकथाकार नील स्टीफन्सन यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवरून वाचकांत दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या वादाची सुरुवात सहसा २००३ पासून सांगितली जाते. खरे तर तिची मुळे १९९९ च्या ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये आहेत. तोवर आभासी जग आणि नॅनोतंत्रज्ञानाच्या वेगवान भविष्यकथांमुळे स्टीफन्सन यांचा हुकमी वाचकवर्ग तयार झाला होता. त्या वाचकाच्या हाती नऊशेहून अधिक पानांची अशी कादंबरी पडली, जिच्यात भविष्यकाळ जवळजवळ नव्हताच. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणारी पिढी हा तिचा एक धागा होता, तर १९९० च्या दशकात आग्नेय आशियात सरकारांच्या हाताबाहेरचे माहितीचे कोठार उभारू पाहणारी त्यांची नातवंडे हा दुसरा.

पुढे जी मते वारंवार ऐकू आली, ती सगळी या कादंबरीच्या वेळीच मांडली गेली होती. एका प्रकरणात आजीच्या सामानाची वाटणी करायची असते. गणिताची सवय असलेले हे कुटुंब सगळे फर्निचर एका मोकळ्या वाहनतळावर मांडते. एक अक्ष पैशातल्या किमतीचा आणि दुसरा भावनिक मोलाचा धरला जातो, आणि प्रत्येकाने आपापल्या मताप्रमाणे वस्तू सरकवायच्या असतात. दुसरीकडे ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांच्या सायकलची निखळणारी साखळी आणि चाकाची वाकडी तार यांवरून संकेतयंत्राच्या चक्रांची पुनरावृत्ती कशी मोजायची, हे समीकरणांसह समजावले जाते. काही वाचकांना कादंबरीचा जीव याच जागांत आहे असे वाटले, तर इतरांना संपादकाने कात्री चालवायला हवी होती ती इथेच. दोन्ही बाजू उदाहरणे मात्र तीच देतात.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २००३ मध्ये ‘क्विकसिल्व्हर’ आली. पुढच्या वर्षी ‘द कन्फ्यूजन’ आणि ‘द सिस्टिम ऑफ द वर्ल्ड’ हे आणखी दोन खंड येऊन ‘बॅरोक सायकल’ पूर्ण झाली. फाउंटन पेनाने कागदावर लिहिलेल्या या मालिकेची छापील पाने अडीच हजारांहून अधिक भरतात. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आधी कोणी शोधले यावरून न्यूटन आणि जर्मन गणिती लायब्निझ यांच्यात झालेला तंटा, इंग्लंडमधील नाण्यांची फेरपाडणी, कर्जरोखे आणि हुंड्यांचा व्यवहार, व्हिएन्नाचा वेढा आणि इंग्लंडच्या गादीचा वारसा हे सारे तिच्यात एकमेकांत गुंतले आहे. वाचक मध्येच पुस्तक सोडतात त्यामागे पानांच्या संख्येपेक्षा रचनेचा वाटा मोठा आहे. प्रत्येक खंडात दोन-तीन पुस्तके आहेत. पहिल्या खंडातील पहिले पुस्तक १७१३ आणि १६५५ ते १६७३ या दोन काळांत आलटून पालटून चालते, आणि त्याचा नायक हा मुख्यतः इतरांची थोरवी जवळून पाहणारा माणूस आहे. कथेला पाय फुटतात ते दुसऱ्या पुस्तकात, भटक्या जॅक आणि एलायझा भेटल्यावर. ‘दुसऱ्या पुस्तकापर्यंत धीर धरा’ हा सल्ला अनुभवी वाचक नव्यांना देतात तो यामुळेच. पण दुसऱ्या पुस्तकाला पोहोचायला तीनशेहून अधिक पाने पार करावी लागतात, हे तो सल्ला सांगत नाही. ‘द कन्फ्यूजन’मध्ये दोन स्वतंत्र पुस्तकांची प्रकरणे मुद्दाम एकात एक मिसळली आहेत, त्यामुळे धाग्यांचा हिशेब ठेवण्याचे काम पुन्हा वाचकाकडेच येते.

मतभेदांना खरी धार आली ती मात्र २००४ मधील एका निर्णयाने. आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या उत्तम विज्ञानकथा-कादंबरीला तिथे दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. परीक्षकांनी तो ‘क्विकसिल्व्हर’ला दिला. आक्षेप सरळ होता. सतराव्या शतकात घडणारी, भविष्याशी किंवा परग्रहाशी संबंध नसलेली आणि नोंदलेल्या इतिहासाची चौकट न मोडणारी कादंबरी विज्ञानकथा कशी ठरते? पर्यायी इतिहासाच्या कथेत निदान एखादी लढाई उलटी जिंकली जाते. इथे राजे ठरलेल्या वेळी मरतात आणि लंडन १६६६ मध्येच जळते.

निर्णयाच्या बाजूने लगेच पुढे केलेला युक्तिवाद असा की मालिकेत थोडे अद्भुत आहेच. ईनॉक रूट हे पात्र सतराव्या शतकातही वावरते आणि ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये विसाव्या शतकातही दिसते. नेहमीच्या सोन्याहून जड असलेले एक सोने कथेला पुढे ढकलत राहते. स्वतः लेखकानेही अशा विसंगत घटनांकडे आणि विज्ञान-तंत्रज्ञानावरील भराकडे बोट दाखवून मालिकेला विज्ञानकथा मानले आहे. अद्भुताचा हा आधार तसा लंगडाच आहे. एखादा चिरंजीव माणूस आणि चार लगडी एवढ्यावर विज्ञानकथा सिद्ध होत असेल, तर निम्म्या दंतकथाही त्या वर्गात बसवाव्या लागतील.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, पण वादात तो मागे पडला. विज्ञानकथेचा लेखक अनोळखी जगाचे नियम वाचकाला उलगडून दाखवतो. या मालिकेत तीच पद्धत भूतकाळाला लावली आहे. रोकड न हलवता एका शहरातील पैसा दुसऱ्या शहरात कसा पोहोचतो, चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरल्याने सैन्याचा पगार कसा अडतो, हे लेखक एखाद्या परक्या ग्रहाची यंत्रणा समजावावी तसे समजावतो. विषयही विज्ञानाच्या जन्माचाच आहे. लायब्निझ यांनी १६७३ मध्ये लंडनला दाखवलेले गणनयंत्र आणि त्यांची फक्त ० आणि १ वापरणारी द्विमान अंकपद्धती हा इतिहास आहे. त्याच्यापुढे एक पाऊल टाकून कादंबरी तर्क चालवणाऱ्या यंत्राची कल्पना रंगवते. न्यूटन यांची किमयागिरीही (हलक्या धातूंचे सोने करण्याची विद्या) लेखकाने पदरची घातलेली नाही. त्यांची या विषयावरील हस्तलिखिते १९३६ मध्ये लिलावात निघाली, त्यांतील बरीच एका नामवंत अर्थशास्त्रज्ञाने मिळवली, आणि न्यूटन म्हणजे अखेरचा जादूगार असे चित्र त्याने पुढे मांडले. तेव्हापासून विज्ञानाच्या इतिहासात हा धागा मान्य आहे.

शिवाय या पुरस्काराने कुंपण फार उंच कधीच ठेवले नव्हते. १९८७ मधला पहिलाच पुरस्कार अशा कादंबरीला मिळाला होता, जिच्या लेखिकेने आपल्या लेखनाला विज्ञानकथा म्हणणे पुढेही टाळले. वाचकांचा कौलही परीक्षकांच्या विरोधात गेला नाही. एका अमेरिकी मासिकाच्या वाचक-मतदानात २००५ मध्ये उरलेल्या दोन खंडांना मिळून विज्ञानकथा-कादंबरीच्या वर्गातच पहिला क्रमांक मिळाला. २००० मध्ये त्याच मतदानात ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ही अव्वल ठरली होती. म्हणजे प्रश्न ‘ही विज्ञानकथा आहे का’ एवढाच असता, तर तो तिथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण मालिका कोणत्या वाचकापर्यंत पोहोचते हे या शिक्क्यावर ठरू लागले. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा मुरलेला वाचक विज्ञानकथांच्या कपाटाकडे सहसा फिरकत नाही. जो फिरकला त्याला भाषा खटकली. शब्दांची जुनी लेखनरूपे आणि त्यांच्या शेजारी थेट आजच्या बोलीतले विनोद हे मिश्रण लेखकाने जाणूनबुजून केले असले, तरी काळाचा भास निर्माण करणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ते उर्मट वाटते. उलट विज्ञानकथेचा वाचक अखेरीस मोठा उलगडा होईल या अपेक्षेने वाचत गेला. शेवटचा खंड टांकसाळीतील नाण्यांच्या शुद्धतेची तपासणी आणि १७१४ मधील राज्यबदल यांवर येऊन थांबला, तेव्हा एवढ्यासाठी का, असे त्यातल्या अनेकांना वाटले. हा शेवट निष्फळ मुळीच नाही. आधुनिक चलनव्यवस्था रुजल्याचा तो क्षण आहे. मात्र ते दिसण्यासाठी मधल्या व्यवहारांचे तपशील ज्यांनी गाळले नाहीत असेच वाचक हवेत, आणि तपशील गाळू नयेत अशी सोय पुस्तकात फारशी नाही. पात्रांची लांबलचक यादीही पहिल्या खंडाच्या शेवटी दिली आहे.

पुढे २००६ पासून मालिका लहान पुस्तकांतही विकली जाऊ लागली. ती मुळात आठ पुस्तकांचीच कल्पिली असल्याने वाचकांना थेट जॅक-एलायझापासून सुरुवात करण्याची वाट मोकळी झाली. दरम्यान ‘क्रिप्टोनॉमिकॉन’चे वाचन पार बदलले. २००९ च्या जानेवारीत बिटकॉइनचे जाळे सुरू झाल्यावर सोन्याच्या आधारावर डिजिटल चलन काढण्याचा तिच्यातील बेत नव्या वाचकांना भाकितासारखा वाटू लागला आणि महायुद्धाच्या धाग्याची चर्चा मागे पडली. युद्धाच्या प्रसंगांसाठी ती आवडणारे जुने वाचक या बदलावर आजही नाराज आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘पोलोस्तान’ या कादंबरीने स्टीफन्सन अणुयुगाच्या उगमाकडे, १९३० च्या दशकातील अमेरिका आणि सोव्हिएत संघाकडे वळले. हा नव्या मालिकेचा पहिला भाग आहे आणि तो सुमारे तीनशे पानांतच संपतो. अमेरिकेत आणि सोव्हिएत संघात वाढलेली एक तरुणी तिची नायिका आहे. पाने फार आहेत ही जुनी तक्रार इथे कुणी केली नाही. कथा नुकती सुरू होत असतानाच पुस्तक संपते अशी तक्रार आली, आणि ती करणाऱ्यांत ‘बॅरोक सायकल’ पूर्ण वाचलेलेही होते.